छातीचं सोडून बाकी सगळं

आमच्या भावकीत लग्न निघालं की साड्या दुकानातून गठ्ठ्याने येतात. एकच रंग, एकच काठ, एकच किंमत. थोरल्या जावेला तीच, धाकटीला तीच, चुलत जावांना तीच, आणि जिच्या अंगावर तो रंग बघवत नाही तिलाही तीच. हळदीच्या मांडवात आम्ही सगळ्या एका रंगात बसतो, फोटो काढतो, आणि बघणारे म्हणतात, काय एकी आहे बघा यांच्यात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मलाही त्याचं कौतुक वाटलं होतं. कळायला बरीच वर्षं गेली की या घरात मायेचं माप एकच आहे. दुसऱ्याला मिळालं तेवढंच तुला. कमी नाही, जास्त नाही, आणि तुला नेमकं काय हवंय हे विचारायची तर पद्धतच नाही.

हे साड्यांचं पुराण लावलं ते विम्यासाठी. युरोपात फिरायला जाताना तब्येतीचा जो विमा काढतात तोही आमच्या घराने साडीसारखाच घेतला, आणि त्यात माझा नवरा गेला. लोक म्हणतात हार्टने गेला. म्हणोत.

आधी घर सांगते. आमचं गाव अलिबागच्या उत्तरेला, खाडीच्या कडेला. सासऱ्यांच्या वेळी भातशेती होती आणि मिठागर होतं. ती जमीन कंपनीला गेली, हातात पैसा आला. आजूबाजूच्या बऱ्याच घरांत तो पैसा गाड्यांत आणि हळदीच्या जेवणावळींत विरघळला. आमच्यात त्याचे ट्रक झाले, धंदा झाला, आणि त्याचं श्रेय मोठ्या दिरांना. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. सासरे लवकर गेले तेव्हा दादांनी स्वतःची शाळा सोडली आणि धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मिस्टरांना, शिकवलं. धंद्यात बरोबरीचा हिस्सा दिला. आमचं लग्न लावलं. मला शाळेतली नोकरी चालू ठेवू दिली. 'ठेवू दिली' हे लिहितानाही माझ्या कपाळाला आठी पडते, पण त्या काळी आमच्याकडे तो मोठेपणाच होता, हेही खरं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी उभा जन्म मुलं शिकवली. घरात मला 'मास्तरीन' म्हणतात. त्याला मान समजू नका, तो शेरा आहे. मी काही सांगितलं की 'मास्तरीन बोलली' म्हणून सगळ्यांनी हसायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं. मिस्टरही त्यात सामील. प्रेमाने हसायचे, पण हसायचेच.

हे दादांना देव मानायचे असं म्हणायची आमच्यात पद्धत आहे. ते काही बरोबर नाही. देवाकडे माणूस निदान मागतो तरी. हे दादांकडे कधी काही मागत नसत. दादांनी न मागता एवढं दिलंय, आता आणखी कुठल्या तोंडाने मागायचं, असं त्यांचं गणित होतं. दादांना आपल्यापायी तोशीस पडू नये एवढ्यासाठी हा माणूस काहीही सोसायचा.

युरोपच्या दोनेक वर्षं आधी यांच्या छातीत दुखायला लागलं होतं. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळ घालवू नका, मुंबई गाठा. मांडव्याहून बोटीने नेलं, मुंबईत हृदयाच्या नळीत जाळी बसवली, आठवड्याने घरी आले. झालं. घरच्यांच्या लेखी विषय संपला. नळ चोंदला होता, साफ केला, पाणी सुरू झालं, असाच सगळ्यांचा समज. रोज सकाळ-संध्याकाळ ज्या गोळ्या चालू होत्या त्या माझ्या आग्रहामुळे, असं हे पाहुण्यांना सांगायचे.

मग शेजारच्या गावातलं एक घर युरोपला जाऊन आलं. त्यांचे बर्फातले फोटो सगळ्या तालुक्याच्या फोनवर फिरले. दादा म्हणाले, आपणही जायचं, सगळ्यांनी जायचं, आणि खर्च धंद्याच्या सामाईक पैशातून. दीर, जावा, चुलत दीर, त्यांच्या बायका, अशी आम्ही चौदा माणसं. मला आनंद झाला नव्हता असं नाही. भूगोलाच्या पुस्तकातला तो नकाशा मी इतक्या मुलांना शिकवला होता, आता एकदा तिथे पाय ठेवायला मिळणार होता. रात्री यांच्या चपलांचं काय करायचं, मोजे किती घ्यायचे, अशा गप्पा आम्ही दोघं मारायचो.

टूरवाला पेणचा होता. बोलायला गोड, पण माणूस खोटा नव्हता, हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम सांगते. तो दादांच्या हॉलमध्ये आला तेव्हा आम्ही सगळे जमलो होतो. म्हणाला, विम्याच्या कागदाशिवाय व्हिसा मिळत नाही, तेव्हा तो आधी ठरवू. त्याने तीन प्रकार सांगितले. साधा, मधला आणि वरचा. साध्यात बॅग हरवली, विमान चुकलं, ताप आला, जुलाब झाले, पाय मोडला, सगळं येतं. मधला तसाच, रक्कम मोठी. वरच्यात जुना आजार तिकडे अचानक बळावला तर तोही धरतात. मात्र आजार आधी लिहून द्यायचा आणि डॉक्टरांचे कागद जोडायचे.

"कुणाला काही जुनं आहे का?" त्याने विचारलं.

त्या हॉलमध्ये धडधाकट माणूस शोधून सापडलं नसतं. थोरल्या जावेला साखर. एका चुलत दिरांचं मूत्रपिंडाचं काहीतरी चालू होतं, त्यासाठी ते दर महिन्याला 'पनवेलला कामाला' जायचे. धाकटी चुलत जाऊ रात्री कसली गोळी घ्यायची ते तिच्या आईलाच ठाऊक. आणि यांना जाळी. पण सगळे तोंडात मूग धरून बसले. आमच्याकडे आजार चारचौघांत काढत नाहीत. मुलामुलींची लग्नं जमवताना पहिली चौकशी हीच होते, घरात काही दुखणंबिखणं आहे का. मग माणूस आजार लपवायला शिकतो, आणि इतका शिकतो की पुढे त्यालाही तो दिसेनासा होतो.

दादा म्हणाले, "सगले ठणठणीत हायत आपले. साधा काढ, सगल्यांना एकच."

टूरवाल्याने एकदा यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

त्याने त्या विम्याची माहिती फोनवर पाठवली होती. ती वाचायची असते हे आमच्या घरात मला एकटीलाच ठाऊक, आणि ठाऊक असून काय उपयोग झाला ते पुढे सांगतेच. इंग्रजी बारीक अक्षरातलं, आडवळणाचं. मी पाचवीला इंग्रजी शिकवलेली बाई. एकेका शब्दाचा अर्थ फोनवर बघत, जेवणानंतरच्या दुपारी ते वाचत बसले. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की आधीपासून असलेला आजार आणि त्यातून पुढे जे काही उद्भवेल ते, यातलं काहीही धरणार नाही. मी टूरवाल्याला फोन लावला.

तो म्हणाला, "मॅडम, काकांचं मला गावातून कळलं होतं ना. मी दादांना बाजूला घेऊन बोललो होतो, काकांना वरचा घेऊ म्हणून. दादा म्हणाले सगळ्यांना एकच. मी आणखी किती बोलणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दादांकडे गेले. ते ओट्यावर चहा पीत होते. थोरली जाऊ अंगणात सोललेल्या कोलंबीचे सोडे वाळत घालत होती, युरोपात खायला सोड्यांची चटणी न्यायची होती म्हणून.

"दादा, यांना वरचा विमा घेऊ या. यांना जाळी आहे."

"जाली बसवली ना? मंग आता काय हाय त्याला?"

"जाळी बसवली म्हणूनच तो जुना आजार धरतात. या साध्या विम्यात छातीचं काही झालं तर काही मिळत नाही. मी सगळं वाचलंय."

दादांनी कप खाली ठेवला. "एकाला एक आनि दुसऱ्याला दुसरा, असा आपल्या घरान आजपावतर नाय झाला."

"मग सगळ्यांनाच वरचा घ्या."

"आनि सगल्यांचे कागद द्यायचे? कोनाला काय झालाय, कोनाची कसली गोली चालू हाय, सगला नेऊन त्या टूरवाल्यापुढं मांडायचा? पोरींची लग्ना व्हायची हायत अजून."

हे मला खोडता येईना. भावकीत लग्नाच्या चार मुली होत्या, त्यातली एक माझ्याच शाळेत शिकलेली. मी म्हटलं, "बरं, मग यांच्यापुरता मी माझ्या पेन्शनमधून काढते. बाकीच्यांचं तसंच राहू दे."

दादा रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "म्हंजे माझा भाव मना जड झाला, असाच ना गावाला दिसनार? तिकिट मी काढायचा, आनि इमा त्याच्या बायकोनी?"

अंगणातून जाऊ म्हणाली, "बाय, कशाला येवरा तानतेस? सगली हाव ना आमी बरोबर."

"सगळी बरोबर असली म्हणून कुणाला अ‍ॅटॅक यायचा थांबत नाही," मी म्हटलं.

ते वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीत फिरून आलं. मास्तरीन निघायच्या आधीच अभद्र बोलली. कुणी माझ्याशी भांडायला आलं नाही, फक्त दोन दिवस सगळ्यांचं बोलणं तुटक झालं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावून घ्यायचं तरी कोणाला?

मी तरीही गप्प बसले नाही. फोनवरून विमा काढता येतो हे मला ठाऊक होतं. यांचं वय, यांची जाळी, यांच्या गोळ्या, सगळं खरं खरं भरलं. शेवटी ओटीपी गेला तो यांच्या फोनवर, कारण नंबर यांचा द्यावा लागला. हे झोपाळ्यावर बसले होते. मी म्हटलं, आलेला नंबर सांगा.

"कसला नंबर?"

सांगितलं. त्यांनी फोन बघितला आणि खिशात घातला.

"नाय देत," म्हणाले.

"का?"

"दादाला कलला तर काय वाटंल त्याला? येवऱ्या वर्सात त्याच्यापासून काय लपवला नाय, आता इमा लपवू?"

"लपवू नका, सांगा."

"सांगून त्याला दुखवू? सोर गो. काय होतंय मना? समिंदराकाठचा मानूस हाय मी, बर्फाला काय घाबरतो?"

माझं डोकं असं फिरलं की बोलून सोय नाही. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि वर्गात फळ्यापुढे उभं राहून सांगायचे तशी एकेक शब्द तोडून बोलले. म्हटलं, "मग नीट ऐकून ठेवा. तिकडे ताप आला तर हा विमा धरेल. जुलाब झाले तर धरेल. पाय मोडला तर धरेल. छातीचं झालं तर एक पै मिळणार नाही. सगळा खर्च दादांच्या गळ्यात पडेल. कळलं? छातीचं सोडून बाकी सगळं."

हे हसले. म्हणाले, "मंग पाय मोरून घेन मी."

मीही हसले. एवढं चांगलं हसू यायचं त्यांचं, काय करणार. आणि हसले म्हणजे हरले. ओटीपीची वेळ संपून गेली, आणि मी पुन्हा काही भरलं नाही. यांच्या गोळ्या मात्र दुप्पट घेतल्या, एक पाकीट माझ्या पर्समध्ये आणि एक बॅगेत.

मे महिन्यात आम्ही निघालो. दादांनी सगळ्यांना एकाच रंगाची जाकिटं घेतली होती, भडक लाल. विमानतळावर लोक वळून बघत होते. पॅरिसमध्ये सगळं छान झालं. हे त्या मनोऱ्याखाली उभे राहून फोटो काढून घेत होते, मध्येच माझा हात धरत होते, जो त्यांनी गावात कधी धरला नव्हता. मला वाटलं, मी उगाच आकांडतांडव केलं. तेवढे चार दिवस मी सुखात होते, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये बर्फाच्या डोंगरावर गाडीने वर नेतात. वर गेलो, सगळे बर्फात लहान मुलांसारखे खेळायला लागले. हे बाकावर बसून राहिले. जवळ गेले तर डाव्या दंडावर उजवा हात चोळत होते आणि कपाळावर घाम. त्या थंडीत घाम.

"काय होतंय?"

"पित्त हाय. त्या हॉटेलवाल्याचा खाना बाधला. सोडा भेटतो का बघ."

"छातीत दुखतंय का?"

"नाय गो. छातीत कशाला दुखंल?"

 माणसाबरोबर इतकी वर्षं काढली की तो खोटं बोलतोय हे कळतं, पण कुठलं खोटं ते कळत नाही. मला वाटलं, भीतीने नाकारतायत. मी दादांना आणि बरोबर आलेल्या टूर मॅनेजरला गाठलं, म्हटलं यांना एकदा दवाखान्यात दाखवू या. मॅनेजर लगेच तयार झाला. सगळे भोवती जमले. आणि हे त्या सगळ्यांपुढे बाकावरून उठले, दोन पावलं चालून दाखवली आणि म्हणाले, "मना काय झाला नाय. हिला सवय हाय. वर्गात पोर शिंकला तरी घरी धारायची."

सगळे हसले. दादाही हसले, सुटल्यासारखे. मी काय करायला हवं होतं? दुखणं त्यांच्या अंगात होतं, माझ्या नाही. चौदा माणसांत नवऱ्याला खोटं पाडायचं तर हातात काहीतरी लागतं. मी त्यांना सोडा आणून दिला, जिभेखालची गोळी दिली. गोळी त्यांनी मुकाट्याने घेतली. तेव्हाच मला समजायला हवं होतं असं कुणी म्हणेल. समजलंच होतं हो. समजून उपयोग काय, जेव्हा समोरचा माणूस तोंडावर नाही म्हणतो?

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या एका गावात बस थांबली तेव्हा हे खाली उतरलेच नाहीत. म्हणाले, डोळा लागतोय, तू जाऊन ये. मी गेले नाही. बसमध्ये त्यांच्या शेजारी बसून राहिले. त्यांनी डोळे मिटले होते, पण झोपले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्त्याला बसलो असताना त्यांच्या हातातला कप सुटला आणि ते टेबलावरच कलंडले.

अ‍ॅम्ब्युलन्स आली तीही किती लवकर. आपल्याकडे पोलिसांची गाडीसुद्धा इतक्या लवकर येत नाही. दादा, मी आणि मॅनेजर हॉस्पिटलला गेलो. मॅनेजरने विम्याच्या मदतीच्या नंबरवर फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून बाई विचारत होती, पेशंटला आधी हृदयाचं काही होतं का. दादा समोरून मानेने नाही नाही करत होते. हळूच म्हणाले, "जालीचा बोलू नको."

मला त्या क्षणी दादांची कीव आली. कुठे आलोय, काय चाललंय, आणि हा माणूस अजून भावकीच्या हॉलमध्येच बसलाय. मी म्हटलं, "दादा, ती जाळी इथल्या मशीनमध्ये दिसते." आणि फोनवर खरं ते सांगितलं. बाईने वाईट वाटतंय म्हणून सांगितलं आणि आम्ही जे विकत घेतलं होतं तेच मला परत वाचून दाखवलं.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. यांना शुद्ध आल्यावर तिने मॅनेजरमार्फत विचारलं, दुखणं कधी सुरू झालं. हे क्षीण आवाजात म्हणाले, परवा, डोंगरावर. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही, घालण्यासारखं माझं काही नव्हतं, पण तिला ते काय सांगणार? मग तिने बाहेर येऊन सांगितलं की हृदयाचा मोठा भाग मेला आहे. त्याच दिवशी आणलं असतं तर बराचसा वाचवता आला असता.

मॅनेजर बिचारा भाबडेपणाने म्हणाला, "काकी, इथे विमा आधी विचारत नाहीत. आधी माणूस बघतात, बाकीचं नंतर." त्याला वाटलं, आमचा धीर वाढेल.

बाकीचे लोक ठरल्याप्रमाणे इटलीला पुढे गेले. बस थांबवता येत नव्हती आणि थांबून तरी कुणी काय करणार होतं. दादा राहिले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ते लाल जाकीट घालून बाकावर बसायचे, कुणाची भाषा कळत नाही, पोळी नाही, भात नाही. सगळं बिल त्यांनी भरलं. ते कसं उभं केलं हे त्यांनी आजपर्यंत मला कळू दिलेलं नाही, आणि एका शब्दाने बोलूनही दाखवलेलं नाही. माणसाने इतकं चांगलं असू नये. त्यांच्याशी कडकडून भांडायचं माझ्या मनात होतं, अजूनही आहे, पण त्यांनी भांडायला जागाच ठेवली नाही. विम्यात जेवढं वाचवलं त्याच्या कितीतरी पट घातलं आणि वर भाऊ गमावला, त्याला मी आणखी काय ऐकवू?

यांना व्हीलचेअरवर घरी आणलं. गणपती होईपर्यंत होते, गणपती झाले आणि गेले. दिवसांना आलेली माणसं म्हणाली, तिकडची थंडी बाधली. कुणी म्हणालं, नशीब. यांच्या मामेभावाने दादांना विचारलं, विमा नव्हता का काढला? दादा म्हणाले, "होता की. सगल्यांना होता." ते खोटं बोलत नव्हते. मी आतल्या खोलीत होते. बाहेर येऊन सांगावंसं वाटलं की अहो, होता तो सर्दीपडशाचा. पण नवऱ्याच्या दिवसांत बाईने आवाज चढवला तर लोक तेच लक्षात ठेवतात. मी पाणी पीत राहिले.

दादांना मी माफ केलंय का, असं माझ्या बहिणीने एकदा विचारलं. मी म्हटलं, तो प्रश्न माझ्यापुढे कधी आलाच नाही. माझं जे भांडण आहे ते दुसरंच आहे, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

श्रावणातली गोष्ट. हे जायच्या थोडे दिवस आधीची. पडवीत त्यांची खाट टाकली होती. चार पावलं चाललं तरी धाप लागायची, म्हणून दिवसभर तिथेच पडून असायचे. मी बाजूला पाटावर बसून कडव्या वालांचं बिरडं सोलत होते. त्या दिवशी जरा तरतरीत वाटत होते, सकाळी थोडं जेवलेही होते. इतके दिवस जो प्रश्न मी गिळत होते तो मग मी विचारला. हॉस्पिटलमध्ये विचारला नाही कारण डॉक्टरशी बोलले त्यानंतर तोंडाला नळ्या लागल्या. घरी आल्यावर विचारला नाही कारण उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

"पहिल्या दिवशीच दुखत होतं ना तिकडे?"

"व्हय."

"मग मला का नाही सांगितलंत? मी किती वेळा विचारलं."

ते छताकडे बघत होते. मला वाटलं, म्हणतील, घाबरलो. म्हणतील, सगळ्यांचा विरस झाला असता. ती दोन्ही उत्तरं मी मनात घोकून ठेवली होती आणि दोन्हींवर काय बोलायचं तेही.

"सांगून काय व्हायचा होता?" ते म्हणाले. "तूच बोल्लीस ना, छातीचा धरत नाय. सगला खर्च दादाच्या गल्यात परंल. मंग म्हटला, चार दिस कसे तरी कारू, घरी जाऊन काय ता बघू."

 त्यांनी माझ्याकडे मान वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता, दोष नव्हता, काहीच नव्हतं. उलट, एखाद्या मुलाने गृहपाठ नीट केला की मी ज्या नजरेने बघायचे तसे बघत होते.

"बरा झाला तू वाचून सांगितलास," ते म्हणाले. "नायतर मी पयल्याच दिशी बोललो असतो."

उभ्या संसारात मी वाचून सांगितलेली तेवढी एकच गोष्ट त्यांनी ऐकली होती.